शिफोलला उतराल तेव्हा

डिचोली, गोवा

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद, वि. वि.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, विमानतळावर आम्हां दोघांना वेगवेगळ्या रांगांत उभं करतील का?" तुझा आवाज मला जरा उतरल्यासारखा वाटला. म्हणून हे पत्र. निघायच्या आधी दोघांनी मिळून वाचा.

आपल्या मोपाच्या विमानतळावर वेगळं व्हावं लागेल. तुझा पासपोर्ट भारताचा, तू भारतीयांच्या काउंटरवर जाशील. जावईबापूंचा पोर्तुगालचा, त्यांना परदेशी आणि ओसीआयवाल्यांच्या, म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेल्या मूळ भारतीय कार्डधारकांच्या, बाजूला जावं लागेल. एखादा अधिकारी नवराबायको पाहून दोघांना एकत्र घेईलही, पण तो त्याचा चांगुलपणा समजायचा, त्यावर हक्क सांगता येत नाही. दहा-पंधरा मिनिटांचा प्रश्न आहे. पलीकडे गेल्यावर कुठे भेटायचं ते आधी ठरवा आणि मोबाइलवर विसंबू नका.

नेदरलँड्सला शिफोल विमानतळावर उतराल, तिथं मात्र तुम्हाला वेगळं व्हायचं कारण नाही. तिथं एका रांगेवर युरोपियन युनियनच्या नागरिकांची पाटी असते आणि दुसरीवर 'ऑल पासपोर्ट्स'. तू त्यांच्याबरोबर पहिल्या रांगेत उभी राहा. युरोपियन युनियनचा 2004 सालचा एक कायदा आहे, 2004/38 हा त्याचा क्रमांक. युनियनचा नागरिक आपला देश सोडून युनियनमधल्याच दुसऱ्या देशात राहत असेल, तर त्याच्या बायकोला त्याच्यासोबत राहण्याचा हक्क या कायद्याने मिळतो. जावई पोर्तुगालचे नागरिक आणि नोकरी नेदरलँड्समध्ये, म्हणून तो तुम्हाला लागू होतो. व्हिसाची फी तुला पडली नाही, ती याच कायद्यामुळे. शिफोलला पासपोर्ट तपासणारे रॉयल मारेशोसे या लष्करी दलाचे असतात. तो गणवेश पाहून बिचकू नकोस. कोणी "तुम्ही त्या रांगेत जा" म्हणालं, तर शांतपणे सांग की मी यांची पत्नी आहे, आणि लग्नाचा दाखला पुढे कर. विचारलं तेवढंच बोलायचं आणि खरं बोलायचं. 12 ऑक्टोबर 2025 पासून तिथं बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन संगणकावर नोंद करायला सुरुवात झाली आहे. तुझ्याकडे अजून रहिवासी कार्ड नाही, म्हणून तुझी नोंद होईल. त्यांची होणार नाही. मनाला लावून घेऊ नकोस, कार्ड हाती आलं की तुलाही ती करावी लागणार नाही.

मला खरी काळजी आहे ती मोपाच्या चेक-इन काउंटरची. योग्य कागद नसलेला प्रवासी नेला तर विमान कंपनीला दंड होतो आणि त्याला परत आणावंही लागतं. त्यामुळे तिथली मुलं धास्तावलेली असतात आणि हा 2004 चा कायदा त्यांच्यातल्या थोड्यांनाच ठाऊक असतो. "परतीचं तिकीट कुठे आहे?", "हॉटेलचं बुकिंग दाखवा" असं विचारतील. तू पर्यटक म्हणून जात नाहीस, नवऱ्याबरोबर राहायला जाते आहेस. अपोस्टिल केलेला, म्हणजे परदेशात चालावा म्हणून सरकारी शिक्का घेतलेला, लग्नाचा दाखला, व्हिसाचं पान, त्यांच्या पासपोर्टची प्रत आणि तिथल्या घराच्या भाड्याचा करार एका फाइलमध्ये क्रमाने लाव. त्या काउंटरवर दोघांनी एकत्रच जायचं, कारण तुझा व्हिसा त्यांच्यासोबत किंवा त्यांच्याकडे जाण्यासाठीच आहे. मध्ये दोहाला फक्त विमान बदलायचं, तिथं इमिग्रेशन लागत नाही.

आता एक गोष्ट निक्षून सांगतो. ही फाइल तुझ्या हातातल्या बॅगेत असली पाहिजे, जावयांच्या नाही. ते गुणी आहेत, माझ्या मनात त्यांच्याविषयी तिळमात्र शंका नाही. पण परक्या देशात तुझा राहण्याचा हक्क त्यांच्या नात्यावर उभा आहे, म्हणूनच त्या हक्काचा प्रत्येक कागद तुला वाचता आणि दाखवता आला पाहिजे. कागद नवऱ्याकडे आणि आपण मागे उभ्या, अशा बायका मी आपल्याच गावात पाहिल्या आहेत. पुढे नवरा बोटीवर असताना बँकेत नाही तर मामलेदार कचेरीत त्यांचं काय होतं, तेही पाहिलं आहे.

तुझ्या आजीची हकिगत तुला तुकड्यातुकड्यांनी माहीत आहे. तिचं माहेर दोडामार्गाच्या पलीकडे, सावंतवाडीच्या मुलखात. लग्न होऊन ती इकडे आली आणि पोर्तुगीज अमलात राहू लागली. अंतर म्हणाल तर सकाळी निघून चालत दुपारपर्यंत पोहोचावं एवढं. 1955 च्या सत्याग्रहानंतर भारत सरकारने सीमेवरची ये-जा जवळजवळ बंद केली. तिचे वडील वारले तेव्हा तिला जाता आलं नाही, बातमीच दिवस होऊन गेल्यावर पोहोचली. 19 डिसेंबर 1961 नंतर तो नाका उठला आणि ती माहेरी गेली, तेव्हा मला कडेवर घेऊन गेली होती. तुझ्या वाट्याला असं काही येणार नाही. तुझा पासपोर्ट तुझ्याजवळ आहे आणि वाट दोन्ही बाजूंनी उघडी आहे.

तू विचारलं नाहीस, तरी नातेवाईक विचारतात म्हणून लिहितो. जावयांच्या वडिलांसारखा माझाही जन्म मुक्तीच्या आधीचा. त्यांनी लिस्बनला जन्मनोंद करून पोर्तुगालचं नागरिकत्व घेतलं, मग मुलाची नोंद केली. मी केली नाही. मला इथं राहायचं होतं, इथंच शिकवायचं होतं, इथंच मत द्यायचं होतं. त्यांनी केलं ते मुलाच्या पोटापाण्यासाठी, आणि त्यात मला काहीही वावगं वाटत नाही. एकाच तालुक्यातल्या, एकच बोली बोलणाऱ्या दोन घरांतली मुलं आज दोन देशांची नागरिक आहेत, याचं लोकांना नवल वाटतं. गोव्यात हे घरोघरी आहे.

लग्नाला तीन वर्षं झाली की तुलाही पोर्तुगालचं नागरिकत्व मागता येईल. तेव्हा सगळे म्हणतील, "घेऊन टाक, रांगेची कटकट मिटेल." भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. ते घेतलंस की इथलं आपोआप जातं, पासपोर्ट परत करून सरेंडर सर्टिफिकेट घ्यावं लागतं आणि मग ओसीआय. ओसीआयवर आयुष्यभर ये-जा करता येते, पण मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. नोकरी, मुलंबाळं, कुठे स्थिरावायचं, यांचा विचार करून तू जो निर्णय घेशील तो मला मान्य असेल. फक्त विमानतळावरची रांग छोटी व्हावी म्हणून घेऊ नकोस.

नाताळात स्विंडनला नणंदेकडे जायचं म्हणतेस, त्याची तयारी आधीपासून ठेव. इंग्लंड आता युनियनमध्ये नाही. जावयांना ऑनलाइन ईटीए, म्हणजे प्रवासाची परवानगी, काढून जाता येईल, तुला मात्र रीतसर व्हिसा लागेल. नेदरलँड्सचं कार्ड तिथं चालणार नाही. तिकिटं व्हिसा मिळाल्यावरच काढा.

रहिवासी कार्डासाठी पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत अर्ज कर. अर्ज पूर्ण असला तर सहा महिन्यांत कार्ड द्यावं लागतं, आणि ते साधारण पाच वर्षांचं असतं. अर्ज केल्याची पावती मिळेल, तिचा फोटो मला पाठव. जावयांना सांग, येताना ओसीआय कार्ड आणि चालू पासपोर्ट दोन्ही बरोबर हवेत. चतुर्थीला याल तेव्हा गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान आणायला माझ्याबरोबर बाजारात त्यांनाच न्यायचं आहे.

आई म्हणते, फाइलमध्ये कुलदेवतेचा अंगारा ठेव. ठेव.

तुझे बाबा