ग्लास पडला की पाडला?

महोदय,

इंग्रजी घेऊन एम. ए. झालेल्या मुलांनी पुढे काय करावे, या विषयावर आपल्या दैनिकात गेल्या पंधरवड्यात आलेल्या पत्रांपैकी एकात ‘इंग्रजी आणि स्पॅनिश लोक कसे बोलतात यावर जन्मभर संशोधन करणे ही श्रीमंत देशांची हौस आहे, सांगलीच्या मुलांना तिचा काय उपयोग?’ असा सवाल केला होता. मी तीस वर्षे माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवले आणि निवृत्तीनंतर वेळ घालवण्यासाठी म्हणून स्पॅनिश शिकू लागलो. संशोधक नसलो, तरी त्या सवालाला उत्तर द्यावे एवढा या विषयाशी माझा संबंध आला आहे.

नववीच्या एका मुलाने निबंधात ‘द ग्लास फेल फ्रॉम माय हँड’ असे लिहिले होते. मी तांबड्या शाईने ते खोडून वर ‘आय ड्रॉप्ट द ग्लास’ लिहिले आणि अर्धा गुण कापला. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी स्पॅनिशच्या पुस्तकात ‘से मे कायो एल बासो’ हे वाक्य समोर आले. शब्दशः पाहिले तर ‘ग्लास मला पडला’, म्हणजे आपले ‘माझ्या हातून ग्लास पडला’. ज्याच्या हातून घडले तो माणूस वाक्यात असतो, पण कर्त्याच्या जागेवर नसतो. इंग्रजी मात्र, चूक हेतुपुरस्सर असो वा नसो, सहसा माणसालाच कर्ता करते. त्या मुलाचे इंग्रजी मोडलेले नव्हते. मराठीत रुजलेली एक समज तो प्रामाणिकपणे इंग्रजीत आणत होता. मला तेव्हा ते कळायला हवे होते.

ही केवळ शब्दांची गंमत नव्हे. केटलिन फॉसी आणि लेरा बोरोडिट्स्की या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत इंग्रजी आणि स्पॅनिश भाषकांना काही घटनांची चित्रफीत दाखवली होती. काही कृत्ये मुद्दाम केलेली, काही चुकून घडलेली. मुद्दाम केलेले कृत्य कोणाचे होते, हे दोन्ही गटांना सारखेच आठवले. चुकून घडलेल्या गोष्टी कोणाच्या हातून घडल्या, हे मात्र इंग्रजी भाषकांच्या अधिक लक्षात राहिले. एका प्रयोगावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत, हे मान्य. पण साक्षीदाराची जबानी जिथे निर्णायक ठरते तिथे वाक्याच्या घडणीला किती वजन असते, याची कल्पना त्यावरून येते.

न्यायालयाचा विषय निघालाच आहे, तर इंग्रजी–स्पॅनिश संभाषणाच्या अभ्यासातील मला सर्वांत मोलाचे वाटणारे काम तिथलेच आहे. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने संघीय न्यायालयांत दुभाष्यांची रीतसर व्यवस्था झाली. तिथल्या न्यायालयांत बसून सुसान बर्क-सेलिग्सन या भाषा-अभ्यासक बाईंनी स्पॅनिश साक्षीदार आणि त्यांचे इंग्रजी दुभाषे यांचे बोलणे ध्वनिमुद्रित केले आणि १९९० मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. साक्षीदार ‘होय, साहेब’ म्हणतो आणि दुभाषा नुसते ‘होय’ म्हणून मोकळा होतो. वाक्याच्या अर्थामध्ये फरक पडला नाही, असे आपण म्हणू. परंतु ज्युरीच्या भूमिकेत बसवलेल्या लोकांना दोन्ही रूपे ऐकवल्यावर, आदरार्थी शब्द राखलेल्या भाषांतरातला साक्षीदार त्यांना अधिक विश्वासार्ह आणि हुशार वाटला. आता आपल्याकडचा विचार करावा. तासगाव किंवा जत तालुक्यातला शेतकरी ‘व्हय जी, माझ्या हातनं काठी लागली त्याला’ असे सांगतो आणि कागदावर इंग्रजीत ‘मी त्याला काठीने मारले’ असे उतरले, तर भाषांतर कोणत्या शब्दाशी चुकले हे दाखवायला व्याकरण आणि संभाषण या दोन्हींचा जाणकारच लागेल.

या शाखेला इंग्रजीत ‘डिस्कोर्स’चा अभ्यास म्हणतात, मराठीत काही जण ‘संभाषित’ हा शब्द वापरतात. झेलिग हॅरिस या अमेरिकी भाषावैज्ञानिकाने १९५२ मध्ये त्या नावाने निबंध लिहिला तेव्हापासून ते नाव रूढ झाले. वाक्य संपले की व्याकरण संपते, असे आम्हा शिक्षकांना वाटे. संभाषिताच्या अभ्यासकाचे काम तिथून सुरू होते. तो माणसांचे खरे बोलणे ध्वनिमुद्रित करतो, ‘अं’, ‘म्हणजे’, अडखळणे आणि थांबणे यांसकट ते उतरवून काढतो आणि अमुक शब्द अमुक ठिकाणीच का आला, हे शोधत बसतो. उदाहरणार्थ, स्पॅनिशमध्ये ‘मी’ म्हणजे ‘यो’. क्रियापदाच्या रूपावरूनच पुरुष कळत असल्याने तो बहुधा गाळला जातो; मग बोलणारा तो नेमका कधी घालतो, यावर अभ्यासकांनी आयुष्ये वेचली आहेत. आपल्याकडे ‘सांगितलं होतं’, ‘मी सांगितलं होतं’ आणि ‘सांगितलं होतं मी’ ही तीन वाक्ये घ्या. तिसऱ्यात, ऐकणाऱ्याने ऐकले नाही म्हणूनच हे झाले, असा ठपका आहे, हे घराघरांत सर्वांना कळते. शिवाय ‘सांगितलं’ या रूपात पुरुष दिसतच नाही, म्हणजे स्पॅनिशमधली सोय मराठीत इथे नाही आणि तरीही आपण ‘मी’ बिनदिक्कत गाळतो. मो. के. दामले यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’ने आपल्याला वाक्यापर्यंत आणून सोडले, त्यापुढचे रान अजून बरेचसे मोकळे आहे.

मराठी मुलाला स्पॅनिश मुळीच परकी वाटत नाही, हेही अनुभवाने सांगतो. ‘मला कॉफी आवडते’ हे स्पॅनिशमध्ये ‘मे गुस्ता एल काफे’, तशाच घडणीचे; ‘आय’ला कर्ता करणारी इंग्रजीच तिथे एकटी पडते. ‘घर पाहिले’ पण ‘आईला पाहिले’, हा आपला भेद स्पॅनिश माणसाआधी ‘आ’ लावून जवळजवळ तसाच पाळते. सुमारे ५० कोटी लोकांच्या मातृभाषेकडे जाण्याचा रस्ता आपल्या मुलांना इतका ओळखीचा असताना आपण तो पाहतच नाही.

खर्चाचा मुद्दा तर फारच तकलादू आहे. डॅन स्लोबिन आणि रूथ बर्मन या भाषा-अभ्यासकांनी शब्द नसलेले, हरवलेल्या बेडकाच्या शोधाचे एक चित्रपुस्तक इंग्रजी, स्पॅनिश, जर्मन, हिब्रू आणि तुर्की भाषकांपुढे ठेवून त्यांच्याकडून गोष्ट सांगवून घेतली, आणि त्यातून १९९४ मध्ये आलेला ग्रंथ या क्षेत्रात आजही आधाराला घेतला जातो. झाडाच्या ढोलीतून घुबड निघते त्या चित्रावर काही इंग्रजी मुले ते कसे निघाले हेही क्रियापदातच सांगतात. स्पॅनिश मुले नुसते ‘बाहेर आले’ म्हणतात. मी शेजारच्या चार मुलांना हेच चित्र दाखवले. चौघेही ‘घुबड बाहेर आलं’ म्हणाले. चार मुलांवरून काही सिद्ध होत नाही. पण त्यासाठी मला एक पुस्तक आणि एक मोबाइल एवढेच लागले.

अडचण पैशाची नाही, आपल्या इंग्रजी विभागांच्या सवयीची आहे. कादंबऱ्यांतील अमुक जाणीव, तमुक जाणीव असे प्रबंध ढिगाने होतात. माझ्या एका विद्यार्थिनीने हळदीच्या सौद्यात व्यापारी आणि अडत्ये इंग्रजी शब्द कसे पेरतात हा विषय मांडला, तेव्हा ‘यात साहित्य कुठे आहे?’ असे विचारून तो परत करण्यात आला. तिने मुकाट्याने एका कादंबरीकारावर प्रबंध केला. शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेतील सांगली, सातारा व कोल्हापूर या जिल्ह्यांतील महाविद्यालयांनी निदान असे विषय नाकारू नयेत, आणि जिथे विद्यार्थी मिळतील तिथे स्पॅनिशचा सायंकालीन वर्ग सुरू करावा, एवढीच माझी सूचना आहे.

माझ्या माळ्यावर मुलांच्या इंग्रजी निबंधांच्या जुन्या वह्यांचे दोन खोके आहेत. नावे झाकून त्या वापरू इच्छिणाऱ्या अभ्यासकाला मी त्या आनंदाने देईन. अर्धा गुण कापलेली ती वही मात्र त्यांत सापडत नाही. मी दोनदा शोधली.

आपला,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षक
विश्रामबाग, सांगली