आनंदचा उंट आणि माझी फजिती

प्रिय मंद्या,

रविवारच्या रॅपिडचं, म्हणजे त्या झटपट बुद्धिबळ स्पर्धेचं काय झालं म्हणून तीनदा विचारलंस आणि मी तीनदा टाळलं, तर ऐक आता, चौथीतल्या पोराकडून हरलो. खुर्चीत बसल्यावर पाय जमिनीला टेकत नव्हते त्याचे. मी काळे घेऊन मेरान नावाची ठरलेली सुरुवात लावली, कारण आठवडाभर विश्वनाथन आनंदचा ग्रँडमास्टर आरोनियनविरुद्धचा डाव मांडून बसलो होतो ना, नेदरलँड्समधल्या विक आन झीच्या स्पर्धेतला, जानेवारी २०१३. आठव्या चालीला त्याचा उंट डी३ या घरावर परत, माझा उंट डी६ वर, आता हा कॅसलिंग (राजा-हत्तीची एकत्र चाल) करणार, मग मी, असं डोक्यात पक्कं बसलेलं. पठ्ठ्याने प्यादं ई४ वर ढकललं! तिथे लगेच आपलं प्यादं ई५ वर खेळायचं असतं, मी तंद्रीत कॅसलिंग केलं, त्याचं प्यादं ई५ वर येऊन बसलं, उंट आणि घोडा दोन्ही एकदम मारात. संपलं. पोरगं जीभ बाहेर काढून चाल लिहीत होतं.

पण आनंदचा तो डाव बघच रे, त्याचेही काळेच. आरोनियनचा घोडा एच७ वरचं प्यादं खातो आणि आनंद त्याच्याकडे बघतसुद्धा नाही, स्वतःचा घोडा जी४ वर टाकतो. मग उंट सी५ वर, जिथे पांढरं प्यादं सरळ खाऊ शकतं, आणि पुढच्याच चालीला दुसरा घोडा ई५ वर, तोही फुकट. तो खाल्ला तर वजीर डी४ शह, राजा कोपऱ्यात, वजीर जी१ वर बळी आणि घोड्याने एफ२ वर मात! अगदी शेवटी आरोनियन वजीर डी३ वर आणतो, तिथून आडव्या रांगेत एच३ राखायला, आणि आनंद मध्येच ई३ वर उंट ठेवून ती रांगच बंद करतो. २३ चाली, खेळ खलास.

गंमत म्हणजे दोन्ही उंट राजावर रोखायची ही तऱ्हा जुन्या पोलिश खेळाडू रुबिनस्टाइनची, १९०७ साली पोलंडमधल्या लोड्झला रोटलेवीविरुद्ध केलेली, आणि मेरानला नाव पडलं त्या गावातल्या १९२४ च्या स्पर्धेवरून, तिथेही ग्रुनफेल्डसमोर काळे घेऊन हाच माणूस. म्हणजे आनंदने आख्खा डावच रुबिनस्टाइनच्या घरातून आणला म्हण ना.

शनिवारी ये, तू पांढरे घे, पण ई४ खेळलास तर चहा मिळणार नाही. आणि तुझा रेक्झिनचा पट मोहऱ्यांसकट आण, माझा एक काळा उंट हरवलाय, सध्या त्याच्या जागी बाटलीचं झाकण आहे.

तुझाच,
बंड्या