शिबिरात ३४ टक्के वाटताना: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,

स.न.वि.वि.

ठाण्यात आमच्या भागातल्या एका आरोग्य शिबिरात मी रक्त दिलं. आठ दिवसांनी चतकोर कागद हातात पडला. पीएसए, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या प्रोस्टेट ग्रंथीतून रक्तात येणारं प्रथिन, ६.८, आणि खाली ठळक अक्षरांत 'प्रोस्टेट कॅन्सरचा धोका ३४ टक्के'. काही विचारावं तर कागद देणारा मुलगा तोवर पुढचं नाव पुकारत होता. तलावपाळीच्या कठड्यावर बसून तो कागद चार वेळा वाचला. घरी फोन करायचा धीर झाला नाही.

मी ३१ वर्षं विजेच्या मीटरचं रीडिंग घेतलं. आकडा बरोबर असूनही बिल चुकतं, हे मला कुणी शिकवायला नको. तरी घाबरलो.

शिबिरात वय विचारलं, वडील-भावांपैकी कुणाला हा आजार होता का, तेही विचारलं. लघवीला जळजळ होते का, हे मात्र नाही. होत होती! युरोलॉजिस्टने, म्हणजे मूत्रविकारांच्या डॉक्टरने, आधी लघवी तपासली. इन्फेक्शन निघालं; त्यानेही पीएसए चढतो. औषधाचा कोर्स झाला, दोन महिने थांबून पीएसए पुन्हा केला, तर २.९.

कट्ट्यावरच्या एका मित्राचं नेमकं उलटं. त्याचा २.४ आला, स्वारी खूश. पण वाढलेल्या प्रोस्टेटसाठी तो वर्षभर ड्युटास्टेराइड घेतोय. त्या गोळीने पीएसए साधारण निम्म्यावर येतो, म्हणजे त्याचा आकडा दुप्पट धरून वाचायला हवा. शिबिराच्या फॉर्मवर गोळ्यांचा रकानाच नव्हता.

पीएसए आणि इतर माहितीवरून हा टक्का काढणारं कॅल्क्युलेटर थोतांड आहे, असं मी म्हणत नाही. पीएसए ४ च्या वर गेला की बायॉप्सीसाठी, म्हणजे प्रोस्टेटचा तुकडा काढून तपासायला, घाला सुई, यापेक्षा वय, घराण्यातला आजार, डॉक्टरांनी बोटाने केलेली तपासणी, आधीची बायॉप्सी हे सगळं जमेस धरलेलं केव्हाही बरं. ४ ही काही लक्ष्मणरेषा नाही. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी पाहणीत ४ किंवा त्याहून कमी पीएसए असलेल्या सुमारे १५ टक्के पुरुषांच्या बायॉप्सीत कॅन्सर सापडला होता, बहुतेकांचा सौम्य प्रकारचा.

गोम पुढे आहे. ती पाहणी 'प्रोस्टेट कॅन्सर प्रिव्हेन्शन ट्रायल'मधली, आणि त्याच ट्रायलवरून बेतलेलं कॅल्क्युलेटर २००६ मध्ये आलं. ते पुरुष ५५ च्या पुढचे, बहुतेक गोरे अमेरिकी, सुरुवातीला पीएसए ३ च्या आत असलेले आणि पुढे वर्षानुवर्षं नियमित तपासले गेलेले. आपल्याकडचा पुरुष लघवी अडल्याशिवाय दवाखान्याची पायरी चढत नाही. त्यांच्या मापाचा सदरा आम्हाला बसेलच कसा? टक्का जास्त दाखवेल किंवा कमीही.

शिवाय ३४ टक्के म्हणजे काय, हे तरी कुणी सांगावं. माझ्यासारख्या १०० जणांची बायॉप्सी केली तर अंदाजे ३४ जणांत कॅन्सर सापडेल, इतकंच. मी त्या ३४ मधला की ६६ मधला, ते त्यात नसतं. मी मात्र कठड्यावर बसून मरणाचे टक्के मोजत होतो.

शिबिरांच्या फॉर्मवर जळजळ आणि चालू गोळ्या, एवढे दोन प्रश्न तरी सक्तीचे करा. टक्का छापून हातात देऊ नका, डॉक्टरांना समोर बसवून सांगायला लावा. टाटाचं ॲक्ट्रेक, म्हणजे कॅन्सरवरचं संशोधन आणि उपचार केंद्र, खारघरला, हाकेच्या अंतरावर आहे. तिथल्या तज्ज्ञांच्या मदतीने ही गणितं आपल्याच रुग्णांच्या बायॉप्सी अहवालांशी ताडून पाहा, आणि मगच शिबिरांत वापरा.

मित्राला मी युरोलॉजिस्टकडे पाठवलंय. गोळ्यांची रिकामी स्ट्रिप खिशात घालून.

आपला,
एक निवृत्त मीटर रीडर
नौपाडा, ठाणे