पट्ट्यावर चढला म्हणजे सुटला?

महोदय,

कालच्या आरोग्य पुरवणीतला स्ट्रेस टेस्टवरचा, म्हणजे सरकत्या पट्ट्यावर चालवून हृदय तपासतात त्या टेस्टवरचा, लेख वाचला. कालच सोडून देणार होतो, पण आज सकाळी रंकाळ्यावर एका मित्रानं तोच लेख दाखवून ‘एकदा करून घेतो, म्हणजे वर्षभर बघायला नको’ म्हटलं आणि राहवलं नाही. लेखक डॉक्टरसाहेबांच्या ज्ञानाबद्दल ब्र काढायची माझी पात्रता नाही. पण ‘टेस्ट नॉर्मल आली की निर्धास्त राहा’ हे वाक्य चौकटीत, ठळक छापण्याआधी संपादक विभागात कुणाला काहीच खटकलं नाही?

माझे थोरले बंधू, वय ६२. जिना चढताना छातीत भरून यायचं म्हणून शहरातल्या एका सेंटरवर ही टेस्ट केली. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल चालू होती, ती सकाळी घेऊनच गेले. ही गोळी नाडी फारशी वाढू देत नाही. टेस्टच्या आधी ती थांबवायची की नाही, हे डॉक्टरांनी ठरवून सांगायचं असतं, पेशंटनं मनानं बंद करायची नसते. इथं कुणी विचारलंच नाही. त्यात दादांचा गुडघा. दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेगही वाढतो आणि चढही. दुसऱ्या टप्प्याचा १२ टक्के चढ लागला तसा दादांनी दांडा दोन्ही हातांनी आवळला आणि ‘बास, बास’ म्हणून थांबायला लावलं. ४ मिनिटं १० सेकंद. रिपोर्टवर मोठ्या अक्षरात ‘निगेटिव्ह’. घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, त्या रविवारी तांबडा-पांढराही झाला.

पुढं दुखणं वाढलं, तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी तेच जुने कागद पुढं ओढले आणि आलेखाच्या खाली बारीक अक्षरातल्या आकड्यावर पेन टेकवलं. कमाल नाडी १०८. बासष्टाव्या वर्षी नाडीची ढोबळ कमाल मर्यादा २२० वजा वय म्हणजे १५८, आणि त्याच्या ८५ टक्के म्हणजे १३४ तरी गाठायला हवी होती. हृदयावर ताणच आला नाही तर नस अडलीय का हे कळणार कसं? लांघ कसून, हात मिळवून पैलवान आखाड्याबाहेर आला तर आपल्याकडं त्याला कुणी निकाली कुस्ती म्हणत नाही. अँजिओग्राफीत दोन नसा अडलेल्या निघाल्या, स्टेंट पडले. दादा आता बरे आहेत. सेंटरवाल्यांना विचारलं तर म्हणाले, ‘रिपोर्टमध्ये नाडी लिहिलीय की!’

आपल्या लेखात डॉ. रॉबर्ट ब्रूस यांनी १९६३ साली ही पद्धत कशी मांडली याला अर्धा रकाना आहे. अपुऱ्या टेस्टबद्दल एक ओळ नाही. टेस्ट पुरी झाली तरी, ज्यांच्या नसा खरोखर अरुंद आहेत अशा शंभरांतल्या तीसेक जणांना ती हुलकावणी देते, बायकांमध्ये नसलेलाच दोष दाखवण्याचं प्रमाण जास्त, आणि थोडीच अडलेली नस तिला दिसतही नाही, जिच्यातला चरबीचा थर फुटून झटका येऊ शकतो. हे सगळं गाळलं. जागा नव्हती म्हणावं, तर त्याच पानावर खाली ‘दांपत्यास खास सवलत’ असं याच टेस्टचं पॅकेज पाव पानभर झळकतंय! काही त्रास नाही, धोकाही कमी, अशा माणसानं उगाच पट्ट्यावर चढू नये असं जाणकार सांगतात. जाहिरातदार ते कशाला सांगतील म्हणा. तुम्ही तरी सांगा.

टेस्ट किती मिनिटं झाली, नाडी कुठवर गेली, का थांबवली आणि रक्तदाब मध्येच उतरला का, हे चार प्रश्न रिपोर्ट हातात घेताना विचारावेत, एवढं तरी पुढच्या पुरवणीत छापा. चौकटीतच छापा.

आणि हो, लेखाच्या शेवटी ‘रोज रंकाळ्याभोवती अर्धा तास भरभर चाला’ असा सल्ला आहे. डॉक्टरसाहेब संध्याकाळी तिकडं कधी फिरकलेले दिसत नाहीत. पदपथावर दुचाक्या आडव्या, पुढं भेळेच्या गाड्या आणि त्यांच्या खुर्च्या. भरभर चालायचं तर रस्त्यावर उतरून केएमटी बसच्या पुढं पळावं लागतं. आपला छायाचित्रकार एखाद्या रविवारी सात वाजता पाठवून द्या.

आपला,
एक जुना वर्गणीदार, शिवाजी पेठ, कोल्हापूर