पायलटहाउसच्या काचा आधी तपासा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत शिडाच्या पर्यटन बोटींवर आलेला लेख वाचला. सुकाणूचे चाक काचेच्या बंद केबिनमध्ये असलेली बोट, म्हणजे पायलटहाउसची बोट, जास्त सुरक्षित असते, असा त्याचा सूर आहे. परदेशातून जुनी बोट आणून आपल्या किनाऱ्यावर चालवू पाहणाऱ्यांनी हे वाक्य जसेच्या तसे धरून चालू नये, म्हणून हे पत्र.

ही रचना थंड, ओल्या समुद्रांतली. फिनलंडच्या सिल्टाला कारखान्याची नॉटिकॅट ३३ हे तिचे ठळक उदाहरण. साधारण १० मीटर लांबी, दोन डोलकाठ्या, भक्कम डिझेल इंजिन, मधोमध पायलटहाउस आणि त्याला दोन्ही बाजूंना सरकते दरवाजे. दुसरे चाक मागे उघड्यावर. बर्फगार पावसात आठ-आठ तास पहारा करणाऱ्याला या केबिनची किंमत कळते. थकलेला, गारठलेला माणूस चुका करतो आणि त्या ही केबिन टाळते. तिचे हे श्रेय खरेच आहे.

पण सुरक्षितता ठरते ती काचा आणि दरवाजांवर. बोट कलंडून पाऊण उलटी झाली की बंद पायलटहाउस पाण्याखाली हवेच्या डब्यासारखे वर रेटते आणि बोटीला सरळ व्हायला मदत करते. आयएसओ १२२१७-२ या मानकात महासागरी ‘ए’ वर्गाच्या शिडाच्या बोटीने किती अंशांपर्यंत कलून परत उभे राहावे, याचा हिशेब सोपा आहे: १३० वजा टनांतल्या वजनाची दुप्पट. ८ टनांच्या बोटीला ११४ अंश. मात्र कागदावरचा हा आकडा दारे-खिडक्या बंद धरून काढलेला असतो. उकाड्यामुळे सरकता दरवाजा उघडा ठेवलात, तर पाणी आत यायला तेवढे कलण्याची गरजच नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये तो उघडाच राहणार, हे मी खात्रीने सांगतो. फिनलंडमध्ये ऊब देणारी काच इथे भट्टी होते. आतले पडदे फारसे उपयोगी नाहीत, कारण ऊन तोवर काचेतून आत आलेले असते. जाळीच्या कापडाचे आवरण काचेच्या बाहेरून हवे आणि हवा खेळण्यासाठी छतावर पाणी अडवणारे झरोके हवेत, म्हणजे दरवाजा लावून घेता येतो.

काच फुटते ती बहुतेकांना वाटते तिथे नाही. लाट समोरून आदळते, पण बोट लाटेवरून घसरून वाऱ्याआडच्या कुशीवर पडते आणि त्या बाजूची काच आत दबते. म्हणून बाजूच्या मोठ्या काचांवर बाहेरून बोल्टने बसणाऱ्या फळ्या बोटीवर असाव्यात, आणि बंदरातच त्या एकदा बसवून पाहाव्यात. भोके जुळत नाहीत हे वादळात कळून उपयोग नाही.

काच ॲक्रिलिकची, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकची असेल, तर बोल्टच्या भोकांभोवती हाताचे बोट फिरवून, उन्हात तिरके पाहा. चांदणीसारख्या बारीक रेषा दिसल्या तर ती बदलायला झाली. १ मीटर लांब ॲक्रिलिक तापमानातल्या ४० अंशांच्या फरकाने जवळपास ३ मिलिमीटर वाढते. भोक बोल्टच्या मापाचेच पाडलेले असेल तर हा ताण भोकाच्या कडेवर येतो आणि तडा तिथूनच जातो. भोके सैल ठेवावीत, चौकटीत फोमची पट्टी देऊन सीलंटचा थर जाड राहील असे पाहावे. बोल्ट आवळून सगळा सीलंट बाहेर काढला की गळती ठरलेली. थिनर किंवा ॲसिटोनने ॲक्रिलिक कधीही पुसू नये.

आता चाल. पायलटहाउसमुळे बूम, म्हणजे शिडाच्या तळाचा आडवा दांडा, वर जाते, त्याच उंचीच्या डोलकाठीवर शीड कमी मावते आणि वाऱ्याला अडणारी भिंत वाढते. ३ मीटर रुंद, ९० सेंटिमीटर उंच केबिनवर २५ नॉटच्या (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वाऱ्यात सुमारे २७ किलोचा रेटा येतो. नांगरावर आणि धक्क्याला लावताना तो जाणवतो. आपल्या किनाऱ्यावर हिवाळा-उन्हाळ्यात दुपारचा वारा वायव्येचा. मुंबईहून गोव्याला जाताना तो पाठीशी, परतताना जवळजवळ तोंडावर. चपळ बोट वाऱ्याशी ४५ अंशांवर ६ नॉटने चालली तर मुंबईकडे ताशी सव्वाचार मैल पडतात. जड पायलटहाउसची बोट ५५ अंशांवर ५ नॉटने गेली तर तीनसुद्धा नाहीत. सव्वादोनशे मैलांच्या वाटेवर हा फरक एका दिवसाचा होतो. अशा वेळी मोठे शीड घट्ट ताणून इंजिन मंद चालवणे, हेच या बोटीचे खरे काम. त्यासाठीच ती बांधली आहे; तिला शर्यतीच्या मापाने मोजू नये.

शेवटची गोष्ट दोन चाकांची. बहुतेक ठिकाणी ती हायड्रॉलिक, म्हणजे नळीतल्या तेलाच्या दाबावर चालणारी असतात, त्यामुळे सुकाणूवरचा ताण हाताला लागत नाही आणि शीड जास्त झाल्याचे उशिरा कळते. सुकाणूचा कोन दाखवणारे यंत्र दोन्ही जागी हवेच. चाक स्पंजासारखे लागले तर नळीत हवा आहे. तेल सर्वांत वरच्या पंपातून भरावे, चाक सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावे आणि सिलिंडरपाशी हवा सोडावी. नळी फुटली म्हणून हाताचे सुकाणू जोडाल, तेव्हा आधी सिलिंडरचा बायपास व्हॉल्व्ह उघडा, नाहीतर अडकलेले तेल सुकाणू हलू देत नाही. हा व्हॉल्व्ह बऱ्याचदा मागच्या बिछान्याखाली, सामानाच्या तळाशी असतो. त्याला लाल रंग द्यावा आणि वर सामान ठेवू नये.

कळावे,
आपला नियमित वाचक, वेंगुर्ले