पडलेल्या माणसाची हाक कुणी ऐकायची?

मा. सामाजिक न्याय मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

स. न. वि. वि.

२०२४ मध्ये आलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील गरजू ज्येष्ठांना साधनं घ्यायला एकरकमी ३,००० रुपये मिळतात. यादीत चष्मा आहे, श्रवणयंत्र, वॉकर, कमोड खुर्ची, कमरेचा पट्टा आहे. पडल्यावर हाक मारायचं साधन नाही. दिवसभर एकट्या असणाऱ्या म्हातारीचा वॉकर घसरला तर पुढे काय, हे यादी करताना कुणालाच सुचलं नाही?

पडल्याने हाड मोडतं. जमिनीवर तासन्‌तास पडून राहिल्याने जीव जाऊ शकतो. अंगाखाली दबलेल्या स्नायूंच्या पेशी फुटून त्यांतलं द्रव्य रक्तात उतरतं आणि मूत्रपिंड निकामी करू शकतं.

साधन साधं आहे. गळ्यात किंवा मनगटावर बटण. ते दाबलं की घरातल्या पेटीला संदेश जातो, पेटीतलं सिम मदत केंद्राला कॉल लावतं आणि पेटीच्या स्पीकरवरून बोलणं होतं. बाथरूमचं दार बंद असेल तर हे बोलणं ऐकू येत नाही; म्हणून उत्तर आलं नाही की माणूस पडला आहे असंच धरून मदत धाडायची, हा नियम हवा. पडणं आपोआप ओळखणारी बटणं आधी झटका आणि मग निश्चलता मोजतात. भिंतीला टेकत हळूहळू घसरलेला माणूस त्यांना अनेकदा कळत नाही. जीपीएस स्लॅबखाली चाचपडतं, तेव्हा मजला, खोली आणि किल्ली कुणाकडे आहे हे आधीच नोंदवलेलं पाहिजे. आतून कडी लावलेली असेल तर दार फोडण्यातच वेळ जातो.

बटण पाण्यात चालणारं हवं, कारण आंघोळीला जाताना ते खुंटीला अडकवलं जातं आणि माणूस तिथेच पडतो. बाथरूममधली ओढायची दोरी फरशीला टेकेल इतकी लांब हवी. पुसताना अडते म्हणून ती वर गुंडाळून ठेवली की ती नसल्यासारखीच. केंब्रिजमधल्या नव्वदीपुढच्यांच्या २००८ च्या अभ्यासात, मदत मागायचा गजर असूनही एकटं पडून उठता न आलेल्यांपैकी सुमारे ८० टक्क्यांनी तो वापरला नव्हता. म्हणजे नुसतं वाटून भागत नाही. गळ्यात घालायची सवय लावावी लागते, दर महिन्याला बटण दाबून बघावं लागतं.

आणि इथेच आपली सगळी व्यवस्था उघडी पडते, साहेब. वाटपाला मंडप असतो, देखभालीला तरतूद नसते. सिमचा रिचार्ज संपला की पेटी मुकी. बॅटरी म्हातारी झाली की लाईट गेल्यावर पेटीही गेली. निविदेत सर्वांत कमी किंमत बघता. रात्री दोन वाजता फोन कोण उचलणार, हे कुणी विचारत नाही. ज्येष्ठांची १४५६७ ही हेल्पलाइन सकाळी ८ ते रात्री ८ चालते. लघवीला उठताना तोल जातो तो रात्रीच! मोबाइलमध्ये आणीबाणीचं बटण सक्तीचं आहे, पण पडलेल्या माणसाचा मोबाइल टेबलावर असतो.

हे बटण वयोश्रीच्या यादीत घाला. त्यासाठी वेगळी रक्कम द्या, त्यात पाच वर्षांचं सिम आणि बॅटरी धरा. चोवीस तास मराठीत बोलणारं, १०८ ला थेट जोडलेलं केंद्र उभं करा. पहिल्या वर्षी एकाच तालुक्यात करा, पण तिथल्या प्रत्येक पेटीची मासिक चाचणी झाली की नाही, ते आकडे जाहीर करा.

आपला,
एक नागरिक