मिस्त्रीकाका, तिसरा गियर आता सुटत नाही

आदरणीय मिस्त्रीकाका,

सा. न. वि. वि.

मोबाईलवर लांबलचक मजकूर तुम्ही वाचत नाही, हे मला ठाऊक आहे. सूनबाई वाचून दाखवतील. तरी हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण मुंबईत जुनी गाडी जीव लावून सांभाळणारे अजून पुष्कळ आहेत आणि तुम्ही काय केलंत ते त्यांनाही कळायला हवं.

आमची प्रीमियर पद्मिनी गाडी 1987 ची. जुलैत टिळक पुलावरून उतरताना ॲक्सिलरेटर सोडला की तिसरा गियर खट्‌कन सुटायचा आणि गाडी न्यूट्रलमध्ये यायची. दुसरा टाकताना करकर आवाज. आधी जिथे दाखवली, तिथे गाडी सुरूसुद्धा न करता सांगितलं की गियरबॉक्स गेला, आता भंगारात द्या. आई तेव्हा पुढच्या सीटवरच होती. घरी आल्यावर तिने एवढंच विचारलं, "मग मला फिजिओला कशातून नेणार?" तिचा गुडघा नीट वाकत नाही. पद्मिनीची पुढची सीट बाकासारखी सलग आणि गियर स्टिअरिंगवर, त्यामुळे मध्ये दांडा येत नाही. तिरकं बसून तिला पाय हवा तसा सोडता येतो. नव्या गाड्यांत तिला बसवून पाहिलं होतं, दहा मिनिटांत कळवळायची. म्हणून मला ही गाडी हवी होती, हौस म्हणून नव्हे.

तुम्ही बॉनेट उघडलं नाहीत. "ताई, आधी चालवा, मी ऐकतो," म्हणालात आणि शेजारी बसलात. गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये क्लचवरचा पाय काढायला लावलात, मग दाबायला लावलात. आवाजात फरक पडला नाही. पाय काढल्यावर घरघर येऊन दाबल्यावर थांबली असती तर गियरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचं बेअरिंग, आणि दाबल्यावरच आली असती तर क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग खराब, हे तुम्ही तेव्हाच समजावलंत. मग क्लच दाबून पाच आकडे मोजायला लावलेत आणि रिव्हर्स टाकायला सांगितलंत. बिनआवाज पडला. "रिव्हर्सला सिंक्रो, म्हणजे दात अडकण्याआधी वेग जुळवणारी पितळी रिंग, नसतो. क्लच नीट सुटत नसता तर इथे दात वाजले असते. क्लच ठीक आहे," म्हणालात. पाऊण तास गेला, एक नट सैल केला नव्हता, आणि अर्ध्या शंका मिटल्या होत्या. आधीच्या ठिकाणी या पाऊण तासाऐवजी मला निकाल मिळाला होता.

मग तेल काढलंत. कापलेल्या डब्यात ते काळं-तपकिरी तेल पडत होतं आणि तुम्ही त्यात लोहचुंबक फिरवत होतात. चुंबकावर मऊ काळी पेस्ट आली. ती बोटांत चोळून तुम्ही म्हणालात, "ही चालते. सुईसारखे तुकडे आले असते तर दात तुटलेत असं समजायचं." मग डबा उन्हात तिरका धरलात. तेलात सोन्याची पूड सांडल्यासारखं काहीतरी चमकत होतं, आणि चुंबक त्याला ओढत नव्हता. पितळ होतं ते. सिंक्रोच्या रिंगा झिजून तेलात उतरल्या होत्या.

तुम्ही जुनी बिलं मागितलीत. दोन वर्षांपूर्वीच्या बिलावर गियरबॉक्ससाठी जीएल-5 तेल लिहिलेलं निघालं. आपण कधी तेलाकडे बघतो का? तुम्ही सांगितलंत म्हणून कळलं की ते तेल मागच्या डिफरन्शियलचं, म्हणजे मागच्या चाकांना ताकद पोचवणाऱ्या दातेरी चाकांचं. तिथले दात एकमेकांवर घासत सरकतात, त्यांना वाचवायला त्यात गंधक-फॉस्फरसची रसायनं जास्त असतात. तीच पितळेला त्रास देतात. शिवाय रिंगेचं कामच आधी घट्ट पकडून गियरचा वेग जुळवायचा, मग दात अडकवायचे. इतकं निसरडं तेल असेल तर ती पकडणार कशी? या गियरबॉक्सला जीएल-4, 90 नंबर. हे ज्याच्या घरी जुनी गाडी आहे, त्या प्रत्येकाने लिहून ठेवावं.

गियरबॉक्स उतरवला त्या दिवशी तुम्ही मला मुद्दाम बोलावलंत. वर्तमानपत्रावर सगळे भाग ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने मांडलेले, शेजारी खडूने आकडे. जुनी रिंग तुम्ही गियरच्या कोनावर ठेवून माझा अंगठा त्यावर दाबलात आणि फिरवायला सांगितलंत. सैल बांगडीसारखी गरगर फिरली. मग नवी ठेवलीत. तेवढंच दाबलं, पण जागची हलेना. आयुष्यभर गाडी चालवून मला गियर पडतो म्हणजे काय होतं ते त्या क्षणी हाताला कळलं. तिसरा सुटण्याचं उरलेलं कारण गियर जागेवर धरून ठेवणाऱ्या गोळीमागच्या स्प्रिंगमध्ये होतं. मेलेली स्प्रिंग नव्या स्प्रिंगशेजारी उभी केलीत, दोन सूत बुटकी.

रिंगा मिळणं सोपं नव्हतं. गाडी कुर्ल्यात बनायची, पण ऑक्टोबर 2023 मध्ये पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून कायमची हटल्यापासून कुर्ल्यातल्या दुकानांतही माल आटत चाललाय, असं तुम्हीच सांगितलंत. तुम्ही दोन शुक्रवार चोरबाजारात फिरलात. पहिल्या शुक्रवारी मिळालेली रिंग तुम्ही परत केलीत, कारण तिच्या आतल्या बारीक खाचा बोथट होत्या. मला ते कळलंही नसतं. तीच बसवून पैसे घेतले असते तरी मी आभारच मानले असते. बिल झालं तेव्हा चोरबाजारच्या फेऱ्यांचे पैसे त्यात नव्हते. विचारलं तर "तिकडे मी जातोच" म्हणालात.

काका, शिकवलेलं सगळं पाळतेय. पहिल्या गियरला सिंक्रो नाही, म्हणून गाडी पूर्ण थांबल्यावरच पहिला. रांगत्या ट्रॅफिकमध्ये लागलाच तर डबल क्लच: न्यूट्रलमध्ये क्लच सोडून थोडी रेस, मग पुन्हा दाबून पहिला. टिळक पुलाच्या चढावर अर्ध्या क्लचवर गाडी तोलत नाही, हँडब्रेक लावते. परवा पुलावरून उतरताना मुद्दाम तिसऱ्यात पाय काढला. गियर जागचा हलला नाही. आई शेजारी डोळे मिटून बसली होती, तिला काही कळलंही नाही.

नव्या रिंगांवर पहिले 1,000 किलोमीटर झाले की तेल बदलायचं म्हणाला होतात. 840 झालेत. दिवाळीच्या आधी आणते गाडी. या वेळी डबा उन्हात मी धरते, तुम्ही चुंबक फिरवा.

तुमची,
पद्मिनीवाली ताई, दादर